सॉफ्टवेअरच्या स्क्रीनचे साधे चित्र कसे काढावे: काय झाकावे आणि काय उघडे ठेवावे

स्क्रीनशॉटमधला बहुतेक मजकूर राखाडी पट्ट्यांखाली झाकून कामाचे एखादे बटण किंवा एखादी चौकट तेवढी स्पष्ट ठेवलेली चित्रे आता मदत-लेखांत आणि जाहिरातींत सर्रास दिसतात. या प्रकाराचे प्रचलित नाव 'सिम्प्लिफाइड यूजर इंटरफेस' असे आहे. या लेखात मी त्याला नुसते 'साधे चित्र' म्हणणार आहे. अशी चित्रे कशी काढावीत याविषयी सगळीकडे जो सल्ला मिळतो तो एका वाक्याचा असतो: अनावश्यक ते झाकून टाका. हे वाक्य चुकीचे नाही, पण निरुपयोगी आहे, कारण अनावश्यक काय हेच तर ठरवायचे असते आणि तिथेच सगळे अडते. माझ्या हातून अशी शेकडो चित्रे काढून झाली आहेत. त्यांतली सुरुवातीची बरीचशी दिसायला सुबक आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीने कुचकामी होती. म्हणून या लेखात सोप्या पायऱ्या मी एकेका ओळीत उरकणार आहे आणि झाकण्या-ठेवण्याच्या पायरीवर बराच वेळ थांबणार आहे.

साधे चित्र हवेच आहे का?

साध्या चित्राचा पहिला फायदा टिकाऊपणाचा आहे. सॉफ्टवेअरमध्ये मांडणी क्वचित बदलते, पण शब्द, रंग आणि आयकॉन सतत बदलत राहतात. एका बटणावरचा शब्द बदलला, तरी ते बटण ज्या वीस स्क्रीनशॉटमध्ये कुठेतरी कोपऱ्यात दिसते ते वीसही जुने होतात. साध्या चित्रात तो कोपरा आधीच पट्टीखाली गेलेला असल्याने वीसपैकी एकच चित्र बदलावे लागते.

दुसरा फायदा भाषांतराचा आहे. दहा अक्षरांपर्यंतच्या छोट्या इंग्रजी मजकुराचे इतर भाषांत सरासरी दुप्पट-तिप्पट लांबीचे भाषांतर होऊ शकते, असा आयबीएमचा ठोकताळा वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शिअमच्या मार्गदर्शनात दिलेला आहे. 'सेव्ह' या दोन अक्षरी शब्दाचे मराठी बटण 'जतन करा' असे होते, आणि तेवढ्यानेच शेजारचे बटण सरकते. चित्रात शब्द जितके कमी, तितकी प्रत्येक भाषेसाठी वेगळी चित्रे काढण्याची वेळ कमी येते.

मात्र साधे चित्र सगळ्याच बदलांना पुरून उरते हा भ्रम आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २००७च्या आवृत्तीत वर्ड आणि एक्सेलमधील मेन्यू व टूलबार जाऊन त्यांच्या जागी रिबन, म्हणजे टॅबांत विभागलेली बटणांची रुंद पट्टी, आली. त्या दिवशी जुन्या मांडणीची साधी चित्रेही स्क्रीनशॉटइतकीच निकामी झाली असती. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या विंडोज ११ने स्टार्टचे बटण मुळातल्या मांडणीत डाव्या कोपऱ्यातून टास्कबारच्या मध्याकडे नेले. ज्या चित्रात 'डावीकडचा खालचा कोपरा' हीच ओळखीची खूण होती, ते चित्र कितीही साधे असले तरी खोटे ठरले. साधेपणामुळे शब्दांच्या आणि रंगांच्या बदलांपासून संरक्षण मिळते, मांडणीच्या बदलापासून मिळत नाही.

काही ठिकाणी साधे चित्र वापरूच नये. चूक झाल्याचा संदेश (एरर मेसेज) दाखवताना वाचक आपल्या स्क्रीनवरचे वाक्य तुमच्या चित्रातील वाक्याशी अक्षरशः ताडून पाहत असतो, म्हणून तिथे खरा स्क्रीनशॉटच हवा. टाइप करायची आज्ञा, रकान्यात भरायची नेमकी किंमत, आणि लेखापरीक्षणासारख्या कामात पुरावा म्हणून जोडायची प्रतिमा यांनाही हाच नियम लागू आहे.

तयारी

नमुन्याची माहिती भरून, खिडकी गरजेपुरतीच रुंद ठेवून, दुप्पट पिक्सेल-घनतेत स्क्रीनशॉट घ्या. तो फिग्मा, इंकस्केप, इलस्ट्रेटर यांपैकी हाताला बसलेल्या कोणत्याही साधनात सगळ्यात खालच्या थरावर ठेवून कुलूपबंद करा, आणि चित्र त्याच्यावर काढा.

स्नॅगिटसारख्या साधनात मजकुरावर आपोआप आकार टाकणारी सोय असते. पहिला हात फिरवण्यापुरती ती उत्तम आहे, पण तिथेच थांबू नका. मजकूर कुठे आहे हे यंत्राला कळते. त्यांतला कोणता शब्द वाचकाला वाट दाखवतो आहे हे त्याला कळत नाही, आणि नेमका तोच शब्द ते निर्विकारपणे झाकून टाकते.

खरी अडचण: काय उघडे ठेवायचे

माझे एक जुने चित्र सांगतो. सेटिंग्जच्या पानाचे होते. डाव्या बाजूला नऊ ओळींचा मेन्यू होता आणि वाचकाने त्यातील पाचव्या ओळीवर क्लिक करायचे होते. मी नऊपैकी आठ ओळींवर एकाच मापाच्या राखाडी पट्ट्या टाकल्या, पाचवी निळी केली आणि तिच्यावर ओळीचे नाव लिहिले. पानाचा मथळाही पट्टीखाली गेला, उजवीकडचा सगळा भागही गेला. चित्र इतके स्वच्छ दिसत होते की मी ते नमुना म्हणून इतरांना दाखवत असे.

मग तक्रारी आल्या, आणि त्या दोन वेगवेगळ्या तऱ्हेच्या होत्या. पहिल्या तऱ्हेच्या वाचकांनी नाव वाचलेच नव्हते; त्यांनी पट्ट्या मोजल्या होत्या. ज्यांना प्रशासकाचे अधिकार नव्हते त्यांच्या मेन्यूत नऊऐवजी सातच ओळी दिसत होत्या, त्यामुळे त्यांची पाचवी ओळ भलतीच होती, आणि तिच्यावर क्लिक करून 'तुम्ही वर्णन केलेले पान आमच्याकडे नाही' असे ते कळवत होते. दुसऱ्या तऱ्हेच्या वाचकांचे म्हणणे मला त्याहून लागले. ते म्हणत होते की चित्र पूर्ण लोड होत नाही. एकाने तर पान तीनदा रिफ्रेश केल्याचे लिहिले होते. त्यांचे काही चुकले नव्हते. माहिती येईपर्यंत रिकाम्या राखाडी पट्ट्या दाखवण्याची पद्धत अॅप आणि संकेतस्थळांवर रूढ झालेली आहे. ल्यूक रोब्लेव्स्की या डिझायनरने २०१३मध्ये तिला 'स्केलेटन स्क्रीन' हे नाव दिले. माझे चित्र हुबेहूब तसे दिसत होते. मी ज्याला साधेपणा समजत होतो, त्याला वाचक 'थांबा, अजून येते आहे' असे वाचत होता.

त्यानंतर मला जे उमगले ते असे. मदत-लेखातील चित्र पाहणाऱ्याची नजर चित्रावर स्थिर नसते. ती चित्रावरून स्क्रीनवर आणि स्क्रीनवरून चित्रावर उड्या मारत असते. प्रत्येक उडीत तिला पाय टेकायला जागा लागते. चित्रात जे उघडे ठेवायचे ते या पाय टेकायच्या जागांसाठी. म्हणून मी चित्रातील गोष्टींची विभागणी 'महत्त्वाचे' आणि 'बिनमहत्त्वाचे' अशी करत नाही. माझ्या लेखी एक लक्ष्य असते, काही खुणा असतात, आणि उरलेले सगळे पट्ट्यांचे.

लक्ष्य म्हणजे वाचकाने ज्याला हात लावायचा ती वस्तू. ती जशीच्या तशी हवी: तोच शब्द, तोच आयकॉन, तोच रंग, तोच आकार. बटणावर 'नवीन चलन तयार करा' (चलन म्हणजे इन्व्हॉइस) असे लांबलचक लिहिलेले असेल तर चित्रातही तेवढेच लिहा. जागा कमी पडते म्हणून 'नवीन चलन' करू नका. लक्ष्याचे सुशोभीकरण करण्याचा मोह मी अनेकांना होताना पाहिला आहे. कोपरे थोडे अधिक गोल, निळा थोडा अधिक उजळ. आणि मग वाचक आपल्या स्क्रीनवर ते उजळ, गोलसर बटण शोधत बसतो.

खुणा निवडणे अधिक अवघड आहे. चांगली खूण तीच, जी वाचकाच्या स्क्रीनवर नक्की असेल आणि सहज दिसेल: वरची गडद पट्टी, पानाचा मथळा, भिंगासारखा ठसठशीत आकाराचा आयकॉन, आणि लक्ष्याचे सख्खे शेजारी. वाईट खूण म्हणजे जी माणसागणिक बदलते: वापरकर्त्याचे नाव, तारीख, न वाचलेल्या संदेशांचा आकडा, डार्क मोडमध्ये वेगळा होणारा रंग, आज असलेला आणि उद्या नसणारा सूचनाफलक. यांपैकी कशाचाही आधार देऊ नका, ते कितीही ठळक असले तरी.

यादीत किंवा मेन्यूत लक्ष्य असेल तर त्याच्या लगेच वरच्या आणि लगेच खालच्या ओळीचे नाव वाचता येईल असे ठेवायचे, हा माझा नियम आहे आणि मी तो मोडत नाही. माझ्या त्या जुन्या चित्रात एवढे केले असते तर कुणी मोजले नसते, कारण दोन नावांच्या मधली ओळ शोधायला मोजावे लागत नाही. शिवाय यादीची दोन्ही टोके फिकट होत विरून जातील अशी काढावीत. नेमक्या नऊ पट्ट्या दिसल्या की नऊ हा आकडा अर्थपूर्ण आहे असे वाचक धरून चालतो; टोके विरलेली दिसली की यादी पुढे-मागे आणखी असू शकते हे त्याला न सांगता कळते. वरच्या किंवा खालच्या शेजाऱ्याचे नाव अधिकारांनुसार दिसेनासे होत असेल, तर त्याच्या पलीकडचा, सर्वांना दिसणारा शेजारी निवडा.

या बाबतीत लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा पाहण्यासारखा आहे. हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने तो १९३१मध्ये रेखाटला आणि १९३३मध्ये तो छापून प्रवाशांच्या हाती आला. बेक यांनी खरी अंतरे सोडून दिली, रुळांची वळणे सोडून दिली, जमिनीवरचे रस्ते सोडून दिले. ठेवला तो स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलण्याच्या जागा. पण त्यांनी थेम्स नदीही ठेवली, जिचा गाडी बदलण्याशी काही संबंध नाही. नदी नसती तर उत्तर-दक्षिणेचा अंदाज यायला काही आधारच उरला नसता. तुमच्या प्रत्येक चित्रात अशी एक नदी हवी. ती लक्ष्याशी संबंधित असायला हवी असे नाही. ती ओळखू यायला हवी.

बेक यांच्याकडून घेण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे अंतर कमी केले तरी चालते, क्रम बदललेला चालत नाही. चित्र आटोपशीर व्हावे म्हणून उजव्या टोकाचे बटण उचलून मथळ्याशेजारी आणून ठेवणारे लोक आहेत. तसे करू नका. मधली रिकामी जागा कमी करा, हवे तर नागमोडी रेघेने चित्र मध्येच तुटले आहे असे दाखवा, पण उजवीकडचे उजवीकडे आणि खालचे खालीच राहू द्या.

आता प्रत्यक्ष पद्धत. बहुतेक जण स्क्रीनशॉटपासून सुरुवात करून एकेक गोष्ट झाकत जातात. मी उलटे करतो: आधी सगळे झाकतो, फक्त लक्ष्य उघडे ठेवतो, आणि मग ज्याने ते पान पूर्वी पाहिलेले नाही अशा सहकाऱ्यासमोर खरे सॉफ्टवेअर उघडून, बाजूला हे चित्र ठेवून, बोट ठेवायला सांगतो. तो अडखळला की विचारायचे, 'तुमची नजर आधी कुठे गेली?' तो ज्या वस्तूचे नाव घेईल ती पहिली खूण. ती उघडी करायची आणि दुसऱ्या माणसाकडे जायचे, कारण पहिल्याला आता उत्तर माहीत झालेले असते. बोट न अडखळता जागेवर जाऊ लागले की थांबायचे. मग मागे फिरून एकेक खूण पुन्हा झाकून पाहायची. जी झाकल्याने काही बिघडत नाही ती झाकलेलीच राहू द्यायची. माझ्या अनुभवात दोन ते चार खुणा पुरतात. त्याहून जास्त लागू लागल्या तर दोष खुणांचा नसतो. आपण स्क्रीनचा फार मोठा तुकडा घेतलेला असतो. चौकट लहान करा.

ही चाचणी ज्याने ते पान बनवले त्या प्रोग्रामरवर करू नका. तो डोळे मिटूनही बोट ठेवील.

एक उदाहरण जवळून पाहू. चलनांच्या यादीचे पान आहे, आणि यादीच्या उजव्या वरच्या टोकाला नरसाळ्याच्या आकाराचा फिल्टरचा आयकॉन आहे. तो आपले लक्ष्य. आधी मी स्तंभांचे मथळे उघडे ठेवले होते: क्रमांक, ग्राहक, रक्कम, स्थिती. चाचणीत दिसले की त्यांच्याकडे कुणाचीही नजर जात नाही; ती 'चलने' या मथळ्यावरून शोधपेटीतल्या भिंगावर आणि तिथून शेजारच्या नरसाळ्यावर जाते. म्हणून स्तंभांचे मथळे पट्ट्यांखाली गेले, पानांचे आकडे गेले, यादीच्या पाच ओळी पट्ट्या झाल्या, आणि मथळा, भिंग व नरसाळे एवढेच उरले. चित्र झाले असे वाटले. पण तिसऱ्या माणसाने बोट भलतीकडेच ठेवले, कारण डावीकडच्या पॅनेलमध्ये तसेच दुसरे नरसाळे होते आणि ते मी पट्टीखाली झाकले होते. लक्ष्याला स्क्रीनवर जुळे भावंड असेल तर ते झाकू नका. ते फिके करून दाखवा, म्हणजे ते आहे, आणि आपले नव्हे, हे वाचकाला एकदमच समजेल. ही चूक माझ्याकडून एकदाच नव्हे, तीन वेगवेगळ्या मॅन्युअलमध्ये झाली आहे.

पट्ट्या, रंग आणि अक्षरे

पट्टीची उंची मूळ अक्षरांपेक्षा किंचित कमी आणि जागा मूळ ओळीचीच ठेवा. सगळ्या पट्ट्या समान लांबीच्या केल्या तर परिच्छेदाचा तक्ता दिसू लागतो, म्हणून उजवी कड खऱ्या मजकुरासारखी कमी-जास्त असू द्या. राखाडीच्या दोन छटा पुरेत: मथळ्यांसाठी गडद, बाकीसाठी फिकी. देवनागरी इंटरफेसमध्ये ओळीच्या वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींतले अंतर जास्त असते. पट्टी शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतच धरा आणि ती फार बारीक करू नका, नाहीतर अक्षरे गळून पडलेल्या शिरोरेषा लटकत असल्यासारखे दिसते.

चित्र 'लोड होत असल्यासारखे' दिसू नये यासाठी प्रत्येक चित्रात किमान एक वाचता येणारा खरा शब्द आणि एक खरा रंग असलाच पाहिजे, आणि पट्ट्यांवर उजळ-मंद होणारी छटा कधीही टाकू नये. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५:१ आणि समजण्यासाठी आवश्यक अशा चित्रांशांत किमान ३:१ एवढा उठाव (कॉन्ट्रास्ट) हवा. लक्ष्य आणि खुणा यांना हा नियम काटेकोरपणे लावा. पट्ट्या मागेच राहायच्या असल्याने त्या फिक्या असल्या तरी हरकत नाही. केवळ लाल रंगाने लक्ष्य दाखवू नका, कारण लाल-हिरवा भेद न दिसणारे वाचक पुष्कळ आहेत. रंगासोबत जाड कड किंवा आकडा घातलेले वर्तुळ द्या. बाण एकच.

एसव्हीजी, म्हणजे बिंदूंऐवजी रेषा आणि आकार साठवणाऱ्या प्रकारच्या, चित्रातील मजकूर मजकूर म्हणूनच ठेवला आणि वाचकाच्या यंत्रात तो फॉन्ट नसला तर दुसरा फॉन्ट येतो, शब्दाची रुंदी बदलते आणि तो बटणाबाहेर ओघळतो. देवनागरीसाठी मी प्रकाशित करायच्या प्रतीत अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करूनच टाकतो. त्यामुळे चित्रातला शब्द शोधता किंवा बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपावी लागते. तेवढी किंमत द्यावी.

झाकले म्हणजे नाहीसे झाले असे नाही

पट्टी हे सजावटीचे साधन आहे, गुप्ततेचे नव्हे. थर असलेल्या पीडीएफमध्ये किंवा एसव्हीजीमध्ये पट्टीखालचा मजकूर तसाच असतो. तो अक्षरांच्या रूपात असेल तर पीडीएफमध्ये निवडून कॉपी करता येतो, आणि एसव्हीजी तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येते. धूसर केलेले आकडेही काही वेळा उलगडता येतात. २०२३मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधील मार्कअप आणि विंडोज ११मधील स्निपिंग टूल या चित्र कापायच्या साधनांत असा दोष उघड झाला, की चित्र कापून जतन केले तरी कापलेल्या भागाचा काही अंश फाइलमध्येच राहत असे आणि तो परत मिळवता येत असे. तेव्हा खऱ्या ग्राहकाच्या खात्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो झाकण्याचा उद्योग करूच नका. पहिल्यापासून नमुन्याची माहिती वापरा, आणि प्रकाशित करण्यापूर्वी खालचा स्क्रीनशॉटचा थर लपवू नका, काढून टाका.

जाहिरातीसाठी वेगळे चित्र

मदत-लेखातील चित्र 'कुठे?' या प्रश्नाचे उत्तर असते, जाहिरातीतील चित्र 'मला काय मिळेल?' या प्रश्नाचे. त्यामुळे जाहिरातीच्या चित्रात वर सांगितलेल्या खुणा जवळजवळ सगळ्या काढून टाकता येतात. खिडकीची चौकट नको, मेन्यू नको. कामाचा निकाल दाखवणारे एक कार्ड उचला, मोठे करा आणि त्याच्यामागे पानाचा फिका आकार राहू द्या. इथे अंतरच काय, क्रमही बदलला तरी चालतो.

चालत नाही ते एकच: सॉफ्टवेअरमध्ये नसलेली गोष्ट दाखवणे. साधे चित्र काढताना पेन आपल्याच हातात असल्याने एखादा नसलेला आलेख किंवा पुढच्या आवृत्तीत यायचे बटण सहज काढले जाते. मी तसे काढायला नकार देतो, आणि हे वाद मी मार्केटिंगच्या बैठकांत पुरेसे घातले आहेत. चित्रात आकडे दाखवलेत तर ते जुळले पाहिजेत. माझ्या एका जाहिरात-चित्रात तीन रकमा आणि त्यांची बेरीज होती. आकडे मी नुसते शोभेसाठी टाकले होते आणि बेरीज चुकीची होती. 'यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला बेरीज येत नाही' असा शेरा आल्यावर ते चित्र एका दिवसात उतरवावे लागले. अॅपलच्या अॅप स्टोअरचा २.३.३ हा नियम सांगतो की तिथल्या स्क्रीनशॉटमध्ये अॅप वापरात असताना दिसले पाहिजे, नुसती शीर्षकाची सजावट किंवा लॉगिनचे पान नव्हे; तेव्हा अशा ठिकाणी केवळ कार्डे आणि पट्ट्या घेऊन जाऊ नका.

जाहिरातीचे चित्र मदत-लेखात कधीही वापरू नये. ते अधिक देखणे असते, म्हणून कुणीतरी ते वापरतेच, आणि वाचक मोठे करून मध्यभागी आणलेले कार्ड आपल्या स्क्रीनच्या मध्यभागी शोधतो. दोन्ही प्रकारची चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

जतन करणे आणि पुढे सांभाळणे

एसव्हीजी चालत असेल तर एसव्हीजी, नाहीतर पीएनजी. जेपीईजी नको, सपाट रंगांच्या कडांना त्यात डाग पडतात.

पर्यायी मजकुरात, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यांना वाचून दाखवल्या जाणाऱ्या वर्णनात, पट्ट्यांचे वर्णन करू नका. 'राखाडी आकृत्यांमध्ये निळा आयकॉन' हे ऐकून दृष्टिहीन वाचकाला काही मिळत नाही. 'चलने या पानावर शोधपेटीच्या उजवीकडे फिल्टरचा आयकॉन आहे' असे लिहा. मॅन्युअलच्या आरंभी एकदा सांगा की चित्रे सोपी करून दाखवली आहेत आणि वाचकाच्या स्क्रीनवर अधिक पर्याय दिसतील. प्रत्येक चित्राखाली ते परत परत सांगण्याची गरज नाही. अरबी, उर्दू किंवा हिब्रू आवृत्तीसाठी चित्र नुसते आरशातल्यासारखे उलटवू नका. मांडणी उजवीकडून डावीकडे जाते हे खरे, पण घड्याळ किंवा बरोबरची खूण उलटत नाही. तिथे त्या आवृत्तीचा स्क्रीनशॉट घेऊन नवे चित्र काढा.

शेवटचे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळणाऱ्यांची चित्रे वर्षभरात शिळी होतात: प्रत्येक चित्रामागे एक ओळ, अशी यादी ठेवा. त्यात चित्राचे नाव, कोणते पान, लक्ष्य काय आणि खुणा कोणत्या, एवढेच लिहायचे. नवी आवृत्ती आली की चित्रे उघडून पाहत बसायचे नाही. यादीतील लक्ष्य आणि खुणा बदलल्या आहेत का एवढेच पाहायचे, आणि ज्या ओळीत काही बदलले आहे तेवढेच चित्र उघडायचे. माझ्या यादीत त्या फिल्टरच्या चित्राची ओळ अशी आहे: 'चलने-यादी, लक्ष्य: उजवे नरसाळे, खुणा: मथळा, भिंग, जुळे: डाव्या पॅनेलमध्ये'. मध्यंतरी एका आवृत्तीत डावे पॅनेलच काढून टाकले गेले, तेव्हा शेवटचे दोन शब्द वाचून मी ते चित्र उघडले, फिके नरसाळे पुसले आणि पाच मिनिटांत फाइल बंद केली.